एकोणिसाव्या प्रकरणातली बाई

कादंबरी चारशे तीस पानांची होती, आणि तिसऱ्या पानापर्यंत येता येता मावशींच्या लक्षात आलं की यात घाबरण्यासारखं काही असेलच तर ती पानांची संख्या.

मावशी म्हणजे रेडिओमावशी. बत्तीस वर्षं त्यांनी रेडिओवर नाटकं केली, गोष्टी वाचल्या, राण्यांपासून चेटकिणींपर्यंत सगळ्यांना आवाज दिला. इमारतीतल्या पोरांनी ठेवलेलं नाव पुढे स्टुडिओतही चिकटलं. नोकरी संपल्यावर त्या ऑडिओबुकं वाचू लागल्या. काचेपलीकडच्या लहानशा खोलीत, न करकरणाऱ्या खुर्चीवर, न सळसळणारे सुती कपडे घालून त्या रोज सकाळी तीन तास बसत. पानं उलटल्याचा आवाज येऊ नये म्हणून सुटे कागद समोर मांडलेले असत, आणि जीभ टाळ्याला चिकटून चटचट वाजू नये म्हणून शेजारी सफरचंदाच्या फोडी. त्यांनी आजवर स्वयंपाकाची पुस्तकं वाचली होती, थोरांची चरित्रं वाचली होती, एकदा तर मूळव्याधीवरचं एक पुस्तकही तितक्याच मायेनं वाचलं होतं. कुठल्याच पुस्तकाला त्यांनी नाक मुरडलं नव्हतं. या पुस्तकानं मात्र ती वेळ आणली.

लेखक पूर्वी सोफ्यांच्या आणि कपाटांच्या जाहिराती लिहीत असे. मग तो जपानला गेला, अकरा दिवस राहिला आणि परत आला तो थेट जपानी भुतांचा जाणकार होऊन. पत्राखाली तो सही करायचा ‘सेन्सेई’ अशी. सेन्सेई म्हणजे गुरुजी. तिकडे हा शब्द लोकांनी आपल्याला लावायचा असतो, आपण स्वतःला लावून घ्यायचा नसतो, हे अकरा दिवसांत त्याला कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. स्टुडिओत सगळे त्याला सेन्सेईच म्हणत. तो खूश व्हायचा. म्हणणारेही खूश असायचे, फक्त कारण वेगळं होतं.

मावशींना जपानी भुतांची थोडी ओळख होती. तरुणपणी त्यांनी रेडिओसाठी जपानी लोककथांची तेरा भागांची मालिका केली होती. तिचा दिग्दर्शक इतका कडक, की जपानी शिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या मास्तरांना समोर बसवल्याशिवाय तो एक ओळ वाचू द्यायचा नाही. मास्तर भुतांबद्दल बोलायचे ते चार घरं सोडून राहणाऱ्या लोकांबद्दल बोलावं तसं. कुणाला काय हवं असतं, कुणाला कशाचं वाईट वाटतं, कोण कशानं शांत होतं.

या कादंबरीत मात्र कुणाला काही नकोच होतं. सगळी भुतं आपली एकामागून एक यायची, किंचाळायची आणि नायकाच्या गोळीनं मरायची. कप्पा नावाचा एक नदीतला प्राणी आहे. त्याच्या डोक्यावर वाटीसारखा खळगा असतो, त्यात पाणी असतं, आणि सगळी ताकद त्या पाण्यात. प्राणी वाईट, पण भलताच शिष्टाचारी. तुम्ही वाकून नमस्कार केलात की तोही वाकतो, पाणी सांडतं आणि तो लुळा पडतो. या सेन्सेईनं त्या खळग्यात ॲसिड भरलं होतं आणि नायकाकडून त्याच्यावर एकोणीस गोळ्या झाडून घेतल्या होत्या. जो जीव नुसत्या नमस्कारानं हरतो त्याच्यासाठी सहा पानं गोळीबार. बर्फातून येणारी बाई त्यानं एका मॉलच्या शीतगृहात कोंडली होती. नायिका पहिल्यापासून शेवटपर्यंत किमोनोची उजवी बाजू वर घेऊन वावरत होती, आणि तिकडे तशी घडी फक्त प्रेताला घालतात. भुतांचे किमोनो मात्र अगदी बरोबर होते. म्हणजे पुस्तकाच्याच हिशेबानं नायिका मेलेली होती आणि भुतं धडधाकट. मावशींनी हे ऑडिओबुकाच्या निर्मातीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली की लेखकसरांना विचारते. सरांनी कळवलं की वाचकाला एवढं कळत नाही.

त्या दिवसापासून मावशींच्या मनातून तो पार उतरला. वाईट लिहिणारा माणूस त्यांना चालायचा. वाचकाला मूर्ख समजणारा चालत नसे.

घरी अक्का होत्या. अक्का म्हणजे मावशींच्या यजमानांची थोरली बहीण, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, जन्मभर शाळेत भूमिती शिकवलेल्या. सहा वर्षांपूर्वी मावशींचे यजमान गेले. अक्का त्याआधीच एकट्या पडल्या होत्या. दोघींनी एकत्र राहायचं ठरवलं तेव्हा नातेवाइकांनी पैजा लावल्या होत्या की नणंद-भावजय वर्षभरही टिकायच्या नाहीत. टिकल्या. याचं एक कारण असं की दोघींना नावं ठेवायला आवडायचं, आणि बहुतेक वेळा ती एकाच माणसाला ठेवायची असत.

स्टुडिओतून वाचून झालेली पानं मावशी घरी आणू लागल्या. दुपारी जेवणं झाली की अक्का चष्मा पुसून, पेन्सिलीला टोक काढून ती पानं तपासायला बसत, सहामाहीचे पेपर तपासावेत तशा. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं की हा कप्पा कुठला, कपाटातला का. मावशींना एवढं हसू आलं की दुसऱ्या दिवशी स्टुडिओत तो शब्द आला की त्यांचा आवाज हलायचा आणि टेक वाया जायचा. ‘तिच्या डोळ्यांत रक्ताळलेला अंधार किंचाळत होता’ या वाक्याखाली अक्कांनी लिहिलं, ‘कानांत काय दिसत होतं?’ नायकाच्या अंगावर काटा किती वेळा येतो याची त्या समासात नोंद ठेवत होत्या. पंधराव्या प्रकरणाअखेर आकडा एक्केचाळीसवर गेला तेव्हा त्या म्हणाल्या की एव्हाना माणसाचं साळिंदर व्हायला हवं होतं.

इतकं वाईट पुस्तक घरात आल्यापासून दोघींच्या दुपारी फार मजेत जात होत्या.

एकोणिसावं प्रकरण मावशींनी रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशीच घरी आणलं होतं, वाचायची तयारी करायला. त्या कपडे वाळत घालत होत्या तेव्हा अक्कांनी ती पानं आपणहून उचलली. मावशी आत आल्या तर पानं टेबलावर नीट रचून ठेवलेली, पेन्सिल बाजूला, आणि एकाही पानावर खूण नाही. मावशींना वाटलं, वाचायचं राहिलं असेल. अक्का म्हणाल्या, वाचलं. मग त्यांनी विचारलं की ही उबुमे नावाची बाई खरीच त्यांच्या कथांत आहे, की यानं घरी बनवली.

मावशी म्हणाल्या, आहे, पण अशी नाही. त्या प्रकरणात पुलावर पावसात एक बाई उभी असते, हातात गुंडाळलेलं मूल. ती नायकाला म्हणते, जरा याला धराल का. नायक धरतो. मूल सुसरीसारखा जबडा उघडतं, नायक एक विनोद करतो आणि ते नदीत भिरकावतो. मग ती बाई नखं काढून अडीच पानं किंचाळते.

‘‘खरी गोष्ट कशी आहे?’’ अक्कांनी विचारलं.

मावशी ओल्या हातांनीच खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी ती सांगितली. बाळंतपणात गेलेली बाई असते ती. स्वतः गेली तरी मूल कुणाच्या हातात द्यायचं हा तिचा घोर सुटत नाही, म्हणून वाटेवर उभी राहते. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणते, जरा धरा. बहुतेक जण पळतात. एखादा धरतो. मग ते मूल त्याच्या हातात जड होत जातं, आधी पाण्याच्या घागरीएवढं, मग पोत्याएवढं, मग दगडाएवढं. हात तुटायला येतात. त्यानं फक्त एवढंच करायचं असतं, खाली ठेवायचं नाही. नाही ठेवलं तर ती बाई परत येते, त्याचे आभार मानते आणि जाते. ते मास्तर म्हणायचे की या गोष्टीत भ्यायचं आहे ते त्या बाईला नाही, स्वतःच्या हातांना.

अक्का खिडकीकडे बघत होत्या. त्यांनी जे सांगितलं ते भूमितीतली सिद्धता फळ्यावर मांडावी तसं, एकेक पायरी, आवाज न चढवता. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी त्यांना मुलगा झाला होता. रडला नाही. दाईनं फडक्यात गुंडाळून बाहेर नेला. सासूबाई म्हणाल्या, बघू नकोस, बघितलंस तर जड जाईल. नवऱ्यानंही मान हलवली. पुढच्या आठवड्यात त्या शाळेत हजर झाल्या, कारण दहावीची वर्तुळं शिकवायची राहिली होती. घरात त्यावर पुन्हा कुणी बोललं नाही, आणि पुढे मूल झालं नाही. भावाला माहीत होतं. त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं, इतकंच.

‘‘दोन किलो नऊशे,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘कागदावर लिहिलेलं होतं. माझ्या हातात कधी दिलंच नाही.’’

मावशी उठल्या, चहा टाकला, तो उतू गेला, पुन्हा टाकला. अक्कांनी चहा घेतला आणि पेपरातलं कोडं सोडवायला घेतलं. तो विषय तेवढाच.

दुसऱ्या दिवशी सेन्सेई स्वतः स्टुडिओत हजर होता. एकोणिसावं प्रकरण म्हणजे पुस्तकाचा प्राण आहे, तिथे आपण असलंच पाहिजे, असं त्यानं निर्मातीला कळवलं होतं. काळा कुर्ता, गळ्यात लाकडी माळ आणि हातात पंखा. खोलीतला एसी इतका थंड होता की रेकॉर्डिस्टनं स्वेटर घातला होता. सेन्सेई तरीही वारा घेत होता.

मावशी आत बसल्या, हेडफोन लावला आणि वाचू लागल्या. पुलाचं वर्णन त्यांनी जसं होतं तसं वाचलं, त्यात सुधारण्यासारखं काही नव्हतंच. मग त्या बाईचं वाक्य आलं. कंसात लेखकानं लिहिलं होतं, ‘घोगऱ्या, राक्षसी आवाजात’. मावशींनी ते तसं वाचलं नाही. बसथांब्यावर एका बाईनं दुसरीला म्हणावं, पिशव्या सावरायच्यात, दोन मिनिटं धरता का, तशा आवाजात त्या म्हणाल्या, ‘‘जरा याला धराल का?’’

आणि त्या थांबल्या. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टनं हात उचलला होता तो तसाच राहिला. निर्माती कागदावर काहीतरी लिहीत होती, तिनं मान वर केली. चार-पाच सेकंद टेपवर नुसती शांतता जात होती आणि कुणी ती कापली नाही.

मग हेडफोनमध्ये बटण दाबल्याचा आवाज आला. सेन्सेई म्हणाला की छान आहे, पण हे फारच सपाट झालं, हिला भूत करा. मावशींनी विचारलं की ही बाई मूल दुसऱ्याला का देते ते सांगाल का, म्हणजे मला आवाज सापडेल.

‘‘अहो, ती भूत आहे,’’ सेन्सेई हसून म्हणाला. ‘‘भुताला कसलं कारण?’’

‘‘भुताला कारण लागतंच,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘विनाकारण वागायची सोय जिवंत माणसांना आहे.’’

सेन्सेईला हे आपल्या बाजूचं वाटलं असावं, कारण त्यानं मान डोलावली. मग त्यानं किंकाळी कशी हवी ते स्वतः करून दाखवलं. दारात बोट सापडलेल्या माणसासारखी ती होती. अशी अडीच पानं, तो म्हणाला, आणि मूल पाण्यात पडतं तिथे एक हसू, राक्षसी.

मावशींनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्यांनी आयुष्यात शेकडो किंकाळ्या फोडल्या होत्या, जळणाऱ्या राण्यांच्या, बुडणाऱ्या दासींच्या. किंकाळीचं त्यांना वावडं नव्हतं. बाहेर येऊन त्यांनी निर्मातीला शांतपणे सांगितलं की बाकीचं सगळं पुस्तक मी वाचून देते, एकोणिसावं प्रकरण दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. कारण विचारल्यावर म्हणाल्या, ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. सेन्सेईनं पंखा मिटला आणि समजूतदार चेहऱ्यानं सांगितलं की वयोमानानं वरचा सूर जातो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. रेकॉर्डिस्ट खाली बघून केबल गुंडाळू लागला. तिला गुंडाळायची काहीच गरज नव्हती.

घरी येऊन मावशींनी सगळं सांगितलं. अक्कांना बरं वाटेल अशी त्यांची समजूत होती. अक्का उलट भडकल्या.

‘‘माझ्यासाठी काम सोडायला मी तुला सांगितलं होतं?’’

‘‘तुमच्यासाठी नाही सोडलं,’’ मावशी म्हणाल्या, आणि ते खरं आहे की नाही हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईना. ‘‘त्या माणसाला तेवढा आवाज द्यायची माझी इच्छा नव्हती.’’

अक्कांनी यावर विचार केला. मग म्हणाल्या की हे कारण चालेल. पण उरलेली अकरा प्रकरणं चोख वाचायची, एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही, म्हणजे पुस्तक वाईट आहे ते पुस्तकामुळेच, असं सिद्ध होईल. संध्याकाळपर्यंत दोघी बोलल्या नाहीत. रात्री अक्कांनी जेवताना हळूच विचारलं की विसाव्या प्रकरणात नायक मरतो का. मावशी म्हणाल्या, एवढं आपलं नशीब कुठलं.

एकोणिसाव्या प्रकरणासाठी एक तरुण नटी आणली गेली. ती बिचारी सांगितलं तसं किंचाळली, घसा बसेपर्यंत. पुस्तक छापून आणि ऑडिओवर एकदमच बाहेर पडलं आणि तुफान ऐकलं गेलं. एका समीक्षकानं लिहिलं की लेखकानं आपल्याला जपानी मनाच्या तळघरात नेलं आहे. समीक्षक शीतगृहाला तळघर समजला असावा. एका मुलाखतीत सेन्सेईला विचारलं की मध्येच एका प्रकरणाला वेगळा आवाज का, तेव्हा तो म्हणाला की ती माझी कल्पना, भीतीला वय नसतं हे मला दाखवायचं होतं. मावशींनी मुलाखत शेवटपर्यंत ऐकली. अक्का म्हणाल्या, एवढं धडधडीत खोटं बोलतो, तर गोष्टीत का बोलता येत नाही मेल्याला.

महिन्याभरानं प्रकाशकांनी कौतुकाचा कार्यक्रम ठेवला. मावशींना निमंत्रण होतं. त्या जाणार नव्हत्या. अक्कांनी इस्त्रीची साडी नेसली, पर्समध्ये पुस्तक घातलं आणि त्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मावशींना जावंच लागलं.

सभागृह भरलेलं होतं. भाषणं झाली. सेन्सेईनं रंगमंचावर कंबरेत वाकून जपानी पद्धतीचा नमस्कार केला, आणि अक्का मावशींच्या कानात म्हणाल्या की बघ, काही सांडतंय का. मग सह्यांची रांग लागली. अक्का रांगेत गेल्या. मावशींनी दोनदा त्यांचा हात धरला, दोनदा त्यांनी तो सोडवला. पुढे तरुण पोरंपोरी होती, फोटो काढत होती, आणि सेन्सेई प्रत्येकाच्या पुस्तकावर एकच वाक्य लिहीत होता. अक्कांची पाळी आली. त्यांनी पुस्तक पुढे केलं. त्यानं न बघता पान उघडलं, ‘भिऊ नका’ असं लिहून सही ठोकली आणि मधाळ आवाजात विचारलं की आजी, झोप लागली ना नीट.

अक्कांनी चष्मा वर केला आणि तो मजकूर वाचला.

‘‘छान लागली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘भीती वाटली असती तर बरं झालं असतं. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे मी, मला घाबरवायला फार लागत नाही. एक बाई आपलं मूल धरा म्हणते, एवढं पुरेसं होतं. ते तुमच्या हातात आलं होतं आणि तुम्ही फेकून दिलंत.’’

सेन्सेई हसला. त्याला ते कौतुक वाटलं की टीका, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. बहुधा त्यालाही कळलं नसावं. ‘‘नायकानं फेकलं, आजी,’’ तो म्हणाला, ‘‘मी नाही,’’ आणि त्यानं मागच्या मुलीचं पुस्तक घेतलं.

परत जाताना बसमध्ये दोघींना शेजारी जागा मिळाली. अक्कांनी पुस्तक मांडीवर ठेवलं होतं, पर्समध्ये परत घातलं नव्हतं. दोन थांबे गेले. मग त्या म्हणाल्या की मुलगा झाला तर काय नाव ठेवायचं ते त्यांनी तेव्हा ठरवलं होतं, नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आणि त्यांनी ते नाव सांगितलं. दोन अक्षरांचं, साधंच होतं.

मावशींनी ते एकदा म्हणून पाहिलं. माईकसमोर बसून नव्हे, घरात आतल्या खोलीतून कुणाला हाक मारावी तसं.

अक्कांनी मांडीवरचं पुस्तक सरळ केलं. ‘‘या पुस्तकातल्या नायकाचं नाव हेच असतं ना,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तर मी त्या माणसाच्या तोंडावर फाडलं असतं ते.’’

‘‘नायकाचं नाव काय आहे?’’ मावशींनी विचारलं.

दोघींनी आठवून पाहिलं. एकीनं चारशे तीस पानं तपासली होती, दुसरीनं जवळजवळ तेवढीच मोठ्यानं वाचली होती. त्यांचा थांबा आला तरी ते दोघींपैकी एकीलाही आठवलं नाही, आणि पुस्तक हातात असून उघडून बघावं असंही कुणाला वाटलं नाही.